पीएलएमधून करंट

आज दिवसभर लॅबमध्ये एक्सट्रूडरसमोर, म्हणजे प्लास्टिक वितळवून स्क्रूने ढवळत बाहेर ढकलणाऱ्या मशीनसमोर. पीएलए म्हणजे मका नाहीतर उसाच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक, त्यात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म, लांबट नळ्या) मिसळून वीज वाहणारं मटेरियल करायचंय. तसं पीएलए ताकदीला बरं, ५०-६० मेगापास्कलचा ताण सहज सोसतं, पण भलतंच ठिसूळ आणि वीज अजिबात वाहू देत नाही. गंमत अशी की नॅनोट्यूब वाढवत नेल्या तरी आधी मीटर ढिम्म, मग वजनाच्या साधारण १ टक्क्याच्या आसपास त्या एकमेकींना टेकून सलग जाळं बनतं आणि रेझिस्टन्स एकदम लाखो पटींनी कोसळतो! कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची पावडर) वापरला तर हेच करायला कितीतरी जास्त पावडर लागते आणि प्लास्टिक अजूनच पटकन तडकतं. पण नॅनोट्यूबचे शेवयांसारखे गुंते सहजी सुटत नाहीत, स्क्रू जोरात फिरवला तर गुंता सुटतो पण ट्यूबच तुटतात. शिवाय पीएलएचे ग्रॅन्युल्स (दाणे) नीट वाळवले नाहीत तर १८०-१९० डिग्रीला ओलाव्यामुळे पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या, साखळ्याच तुटतात. सगळं कौतुक नॅनोट्यूबचं होतं, मला विचाराल तर अर्धं श्रेय त्या ड्रायिंग ओव्हनचं. उद्या सँपल ॲनिलिंगला टाकणार, म्हणजे न वितळवता काही वेळ तापवून ठेवणार, म्हणजे ते जास्त गरमी सोसेल, कारण साधं पीएलए ६० डिग्रीच्या पुढे मऊ पडतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बंद डब्यात तेवढी गरमी सहज होते.