मोलस्कम आणि पोहण्याच्या तलावाचा फॉर्म

मुलीच्या काखेजवळ आणि कोपराच्या आतल्या बाजूला मोत्यासारख्या बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. दुखणं नाही, खाजही फारशी नाही. स्किनच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, मधोमध असलेली खळगी मला दाखवली आणि म्हणाले, "मोलस्कम कंटॅजिओसम. विषाणूमुळे होतो, लहान मुलांत नेहमीचाच. काही केलं नाही तरी बहुतेक वर्ष-दीड वर्षात जातो." अडलं ते तलावावर.

उन्हाळी बॅचचे पैसे भरून झाले होते. फॉर्मच्या मागे छापील ओळ: 'सदर पाल्यास त्वचेचा कोणताही संसर्गजन्य विकार नाही.' खाली डॉक्टरांची सही, शिक्का. आमच्या डॉक्टरांनी सही करायला साफ नकार दिला, आणि ते मला पटलं. स्पर्शाने, एकमेकांचा टॉवेल वापरल्याने हा पसरतोच. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं: शाळा, खेळ, पोहणं सगळं चालेल, पुटकुळ्या वॉटरप्रूफ पट्टीने झाका, टॉवेल आणि फ्लोट स्वतःचा ठेवा.

खिडकीतल्या गृहस्थांनी ते पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. वाचलं नाही.

"आमच्या फॉर्मवर पाहिजे."

"फॉर्मवर खोटं कसं लिहिणार?"

"मग फिट सर्टिफिकेट आणा."

त्यात नेमकं काय लिहिलेलं हवं, ते त्यांना सांगता येईना. साहेब सांगतील म्हणे. साहेब सोमवारी. सोमवारी साहेब मीटिंगला. तोवर बॅच सुरू झालेली, पोरगी जाळीबाहेर उभी राहून मैत्रिणींच्या उड्या बघतेय. रांगेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, ओळखीच्या डॉक्टरांकडून सही आणा की. कोण तपासतंय?" म्हणजे खरं सांगून, झाकून येणारी मुलगी बाहेर, आणि न तपासलेली आत! याचा मला आजही राग येतो.

सुटलं ते असं. डॉक्टरांनी फॉर्मवरची छापील ओळच खोडली, वर 'पट्टी लावून पोहण्यास हरकत नाही' असं लिहिलं, शेजारी सही आणि ठळक शिक्का. मजकूर पत्रातलाच. शिक्का बघताच कार्ड मिळालं. बुडालेल्या दिवसांचे पैसे अर्थातच नाहीत. तेव्हा असला फॉर्म असेल तर वेगळं पत्र घेत बसू नका, फॉर्मच बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

औषधाचं म्हणाल तर, नुसतं थांबलं तरी चालतं. खरवडून किंवा गोठवूनही काढतात, पण ही सुई बघूनच रडते, म्हणून आम्ही नको म्हटलं. डॉक्टरांनी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण दिलं. रात्री इअरबडने फक्त पुटकुळीच्या टोकावर लावायचं, लाल झाली की थांबायचं. सासूबाई चुना-सोडा सुचवत होत्या. तो अजिबात लावू नका, कातडी भाजते.

पट्टी कोरड्या अंगावर आणि क्रीम लावायच्या आधी चिकटवा, नाहीतर ती पाण्यात तरंगत येते. पुटकुळी फोडू नका, आतला पांढरा गर लागेल तिथे नव्या उठू शकतात. मध्येच आमच्या सगळ्या लालभडक होऊन सुजल्या. मी घाबरून फोन केला, तर डॉक्टर खूश! शरीर लढायला लागलंय, आता जातील म्हणाले. गेल्याही. मात्र एखादी ठणकायला लागली, पू दिसला किंवा पापणीवर उठली तर घरी काही लावू नका, दाखवून या.