तुम्ही विचारलंत म्हणून: मेस्सी-रोनाल्डो सोडून इनिएस्ताच का?

"का बे, सगळं जग मेस्सी-रोनाल्डो करतंय आणि तू अजून त्या इनिएस्ताला धरून बसलाय?" हा प्रश्न मला सारखा येतो, आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. इनिएस्ता म्हणजे बार्सिलोना क्लबचा, म्हणजे बार्साचा, आणि स्पेनचा मिडफिल्डर होता.

फॅन मोजायचे तर विषयच संपला. आमच्या सोलापुरात पार्क मैदानावरची पोरं बघा, पाठीवर ७ नाहीतर १०, बार्साचा आठ नंबर, म्हणजे इनिएस्ताचा, शोधून सापडत नाही. पण मी मोजतो उलटं, समोरच्या टीमचं पब्लिक कुणासाठी उठतं ते. नोव्हेंबर २०१५, बार्साच्या कट्टर वैरी रेआल माद्रिदच्या बर्नाबेउ स्टेडियमवर बार्सा ४-० जिंकली, त्यातला एक गोल याचा, आणि हा बाहेर निघाला तर रेआलवालेच टाळ्या वाजवतायत, स्वतःची टीम मार खात असताना! तसं २००५ मध्ये तिथं बार्साच्याच रोनाल्डिन्योलापण मिळालं होतं, पण ती त्या एका मॅचची जादू. याचं प्रकरण जुनं आहे.

२०१० ची वर्ल्डकप फायनल, जोहान्सबर्ग, ११६ वं मिनिट. नेदरलँड्सवर गोल मारला आणि पठ्ठ्यानं जर्सीच काढली, आत बनियनवर हातानं लिहिलेलं, दानी हार्के कायम आमच्यासोबत. हार्के म्हणजे एस्पान्योलचा कॅप्टन, २००९ मध्ये हार्ट अटॅकनं गेला, वय फक्त २६. आणि एस्पान्योल म्हणजे बार्सिलोनातलीच दुसरी टीम, बार्साचं नाव काढलं तरी चिडणारी. आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल, वर यलो कार्ड खाल्लं, आणि नाव घेतलं कुणाचं तर त्यांच्या कॅप्टनचं. त्याच डिसेंबरात बार्सानं त्यांना त्यांच्याच ग्राउंडवर ५-१ धुतलं तरी इनिएस्ता बाहेर जाताना तिथलं पब्लिक उभं राहिलं.

आता इनिएस्ताचा बार्सातला जोडीदार पिके घ्या. तीच टीम, तोच वर्ल्डकप, पण स्पेनकडून खेळताना त्याला स्पेनमध्येच हूटिंग व्हायचं, कारण तो रेआलला डिवचायचा आणि कॅटलोनिया (बार्सिलोनाचा प्रांत) स्पेनपासून वेगळा व्हावा का, या सार्वमताच्या बाजूनं उघड बोलायचा. इनिएस्ता ला मांचाकडच्या छोट्या गावचा, बाराव्या वर्षी बार्साच्या अकॅडमीत आलेला, असल्या वादात फारसा पडायचा नाही. त्यामुळं मला वाटतं थोडं प्रेम त्याच्या गप्प बसण्यालापण मिळालंय, सगळंच खेळाला नाही.

आणि सगळेच फिदा होते असंही नाही हां. स्पेनमधल्याच बिल्बाओ शहरात, तिथल्या टीमच्या ग्राउंडवर, त्याला कित्येक वर्षं चिडवणाऱ्या शिट्ट्या पडायच्या, का तर २०१० मध्ये याच्यावर फाउल करून त्यांचा आमोरेबिएता रेड कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि लोकांच्या मते यानं ॲक्टिंग केली.

राहिला बॅलन डी'ओरचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूच्या अवॉर्डचा मुद्दा, जो इनिएस्ताला कधीच मिळाला नाही. २०१० ला मेस्सी पहिला, हा दुसरा, बार्साचाच झावी तिसरा, आणि २०१८ मध्ये हा बार्सा सोडायला निघाला तेव्हा हे अवॉर्ड देणाऱ्या फ्रान्स फुटबॉल मासिकानं ते न दिल्याबद्दल चक्क त्याला सॉरी म्हटलं. मित्रांना वाटतं मी यावर भांडणार, पण नाही, मेस्सीला मिळालं ते बरोबरच होतं. त्या सीझनला इनिएस्ता दुखापतींमुळं बऱ्याच मॅचेस बाहेरच बसून होता.