आमची वाटचाल : डंक, वही आणि पाणी

दुकान अण्णांनी 1978 साली टाकलं. सांगलीत, गणपती पेठेपासून चालत पाच मिनिटांवर, गावभागाच्या अंगाला. पुढं किराणा, मागं मसाला कांडप. दोन डंकांवर (मोटारीनं मुसळ उचलून मिरची कांडायची यंत्रं) सुरुवात केली, आता चार आहेत. मधली चाळीस वर्षं दुकान चाललं, बहिणींची लग्नं झाली, माझं झालं, अण्णा गेले. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

डंकाचं मात्र आधी सांगतो, कारण माझा मुलगा रोज पल्वरायझर, म्हणजे तिखट दळायचं मशीन, घ्या म्हणून मागं लागलाय. पल्वरायझर झटपट आहे, मान्य. पण त्याच्या जाळीतून पडणारं तिखट हातात घेऊन बघा, चटका बसतो. तिखट तापलं की वास उडाला आणि रंग मातकट झाला. डंकाचं मुसळ वर उचललं जातं आणि आपल्या वजनानं खाली पडतं, बस. मिरची ठेचली जाते, खोबऱ्याचं आणि तिळाचं तेल तिच्यात मुरत जातं. मुसळाच्या बुडाची टोपी झिजली की आधी आवाज बदलतो. ठण्ण जातं, थप्प येतं. गल्ल्यावर बसून मला कळतं तीन नंबरची टोपी गेली. कामावरच्या पोराला तिथं उभं असून कळत नाही.

हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत. बायका डबा घेऊन बाकावर बसतात आणि आपल्या मालावरची नजर काढत नाहीत. आधीच्या बाईची चटणी उखळात चिकटलेली असली तर पुसून घ्यायला लावतात. बरोबरच आहे त्यांचं. (आमच्याकडं तिखटालाच चटणी म्हणतात, पुण्याकडच्या पाहुण्यांनी गोंधळू नये.) आणि हात जोडून सांगतो, मिरची कडकडीत वाळवून आणा, देठं घरी काढा. दमट मिरची उखळात गोळा होते, मग म्हणता कांडप नीट केलं नाही.

या गिऱ्हाइकांत एक मावशी. विश्रामबागला कॉलेजच्या पोरांची मेस चालवतात. त्यांचं प्रमाण मला पाठ आहे: दहा किलोला ब्याडगी सहा, संकेश्वरी तीन, लवंगी एक. खोबरं आणि धने त्या स्वतः भाजून आणतात, माझ्यावर सोडत नाहीत. किराणा महिन्याच्या खात्यावर. मी माझ्या वहीत लिहायचो, त्या कमरेच्या पिशवीतून बोटभर जाडीची वही काढून त्यांच्या वहीत लिहायच्या. मी एकदा म्हणालो, "मावशी, माझ्यावर विश्वास नाही का?" त्या म्हणाल्या, "तुझ्यावर आहे रे, माझ्या डोक्यावर नाही."

2019 च्या पुराच्या थोडं आधी शहराच्या वरच्या अंगाला ते मोठं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मावशींच्या मेसपासून जवळ. पहिल्याच महिन्यात माझी साखर अर्ध्यावर आली. मी एका रविवारी डोक्याला टोपी घालून बघायला गेलो. साखरेचा रॅकवरचा भाव मला घाऊकात पडतो त्याहून कमी. तिथंच उभा राहून मी मनात हिशेब केला, हमाली धरून, न धरून. बसेना. मग कळलं की साखर तिथं विकायला नसतेच, माणूस आत ओढायला असते. साखरेत घालवलेलं शाम्पूत आणि प्लास्टिकच्या बरण्यांत निघतं. ते कंपनीकडून ट्रकनं उचलतात. मला एजन्सीवाला सांगतो, पाच बॉक्स घेतले तर स्कीम. पाच बॉक्स मला दिवाळीपर्यंत पुरतात.

त्याच रॅकपाशी आमच्या गल्लीतले एक साहेब दिसले, ट्रॉली भरलेली. मध्यंतरी त्यांचा पगार चार महिने थकला होता, तेव्हा घर आमच्या खात्यावर चाललं होतं. त्यांनी मला बघितलं आणि ट्रॉली साबणांकडं वळवली. मीही तांदळाकडं बघत उभा राहिलो.

वाईट वाटलं हळदीचं. आमच्या सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, देशभरचे व्यापारी आमच्या यार्डात सौद्याला बसतात. आणि सांगलीचा माणूस कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात भरलेली पुडी ट्रॉलीत टाकतो. राजापुरी हळकुंड घ्या, मोडा, आत केशरी निघालं तर दळून न्या. एवढंही होत नाही लोकांना.

मग 2019. नागपंचमी 5 ऑगस्टला होती. श्रावणाचा माल भरलेला: साबुदाणा, वरी, शेंगदाणे, तूप. गणपती महिन्यावर आलेले, त्याची साखर आणि खोबरंही येऊन पडलं होतं. आम्ही बेसावध नव्हतो. 2005 च्या पाण्याची खूण भिंतीवर तेलरंगानं मारलेली होती आणि अण्णांनी तिच्यावर दोन फूट ठेवून माळा बांधून घेतला होता. सगळा माल माळ्यावर चढवला, वरच्या फळीवर वह्या ठेवल्या, कुलूप लावलं आणि मिरजेला मेव्हण्याकडं गेलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 वर गेलं. माळा पाण्याखाली.

शटर उघडलं तेव्हा आधी वास आला, तो लिहून सांगता येणार नाही. हरभराडाळ फुगून पोती उसवली होती. साखरेची पोती जागच्या जागी होती, शिवण शाबूत, आत काही नाही. उखळांत वीतभर गाळ. मोटारी चारही गेल्या, आणि वायंडिंगवाल्याकडं अख्ख्या गावाच्या मोटारी आलेल्या. विम्याचं काय झालं ते विचारू नका. पॉलिसीत मालाचा जो पत्ता होता त्यावरून पाच महिने कागद फिरले आणि हातात आलं त्यातून मजुरी सुटली. (पॉलिसी आजच काढून पत्ता वाचा. मागचं गोडाऊन वेगळ्या नंबरावर असेल तर तेही लिहून घ्या.)

पण खरा फटका वहीचा. लाल कापडी बांधणीची खातेवही, शाईनं लिहिलेली. पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. बायकोनं इस्त्री फिरवून बघितली, निळे डाग तेवढे उठले. अदमासे दोन लाख ऐंशी हजारांची उधारी त्यात होती. दुकान बंद करायचं आम्ही जवळपास ठरवलं होतं. डंक भंगारात काय भावानं जातील तेही विचारून आलो होतो.

दहाव्या-बाराव्या दिवशी मावशी आल्या. मेस बंद, पोरं आपापल्या गावी गेलेली. पायरीवर बसल्या, पिशवीतून वही काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं: अकरा हजार तीनशे चाळीस. त्यातले सात हजार तिथंच मोजले, बाकीचे दसऱ्याला देते म्हणाल्या आणि दसऱ्याला दिले. जाताना उखळातला गाळ बघून म्हणाल्या, "हे खरवडू नको, भिजवून काढ, नाहीतर वर्षभर लोक चटणीतली वाळू चावतील." भंगारवाल्याला मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं.

बाकी लोकांचं म्हणाल तर निम्म्यांनी आपला आकडा आपण सांगितला. काहींनी वरचं मोडून गोल केला, मी काही बोललो नाही. साधारण नव्वद हजार बुडाले. ते बुडवणारे बहुतेक जण पाण्यात गेलेले नव्हते, उंचावर राहणारे होते. साहेबांकडं माझ्या अंदाजानं सोळा हजार. ते त्यानंतर आमच्या रस्त्यानं जाईनात.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा हीच माणसं फोन करू लागली, मामा पाच किलो आटा पाठवा, मामा तेल आहे का. पाठवलं. उघडल्यावर परत गेली. 2021 च्या जुलैत पाणी परत आलं, पण तोवर माल ठेवायला विश्रामबागला गाळा भाड्यानं घेतला होता, वहीचे फोटो रोज रात्री मोबाइलवर काढत होतो. नुकसान फळ्यांचं झालं.

आमची चूक नव्हती असं नाही. आम्ही मालावर भाव लिहीत नव्हतो, बिल देत नव्हतो, सुट्ट्या पैशांच्या जागी चॉकलेट टेकवत होतो. आता बिल देतो. एक सांगून ठेवतो, तिकडं जाच, पण तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, आणि हल्ली 850 च्याही पिशव्या तशाच दिसतात. मग माझ्या भावाशी ताडून बघा.

तिथं कांडप मिळत नाही, ही एकच गोष्ट आमच्या बाजूची. यंदा एप्रिलमध्ये साहेबांच्या मिसेस सहा किलो मिरची घेऊन आल्या. साहेब बाहेर स्कूटरवरच बसून होते. वैनींनी देठं काढून, वाळवून, नीट आणली होती. नंबर लागला तशी दोन नंबरच्या डंकावर घेतली. म्हणाल्या, जरा बारीक करा. बारीक केली. डबा तोलून दिला, कांडपाचे पैसे रोख मागितले. त्यांनी बाहेर बघितलं आणि पर्स उघडली.