सपाटीने जिरवली : व्हॉर्टन स्टेट फॉरेस्टमध्ये एक रात्र

न्यू जर्सी म्हटलं की आपल्या लोकांना एडिसनचा ओक ट्री रोड, टर्नपाइक आणि फार तर अटलांटिक सिटी आठवते. त्या टर्नपाइकपासून फार लांब नाही असं सव्वा लाख एकरांच्या घरातलं पाइनचं जंगल आहे, हे मला इथे नऊ वर्षं काढल्यावर कळलं. व्हॉर्टन स्टेट फॉरेस्ट त्याचं नाव. मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही चौघे तिथे एक रात्र राहून आलो: मी, नवरा, माझा धाकटा दीर आणि त्याची बारा वर्षांची मुलगी. जायच्या आधी जे कुणी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, तेवढं लिहून ठेवते.

आधी आमचा माज. आम्ही तिघेही राजमाची, हरिश्चंद्रगड, रतनगड केलेली माणसं. नकाशावर पाहिलं तर या जंगलात उंची अशी नाहीच. पाइन बॅरन्स म्हणजे इथला सगळा वाळूचा, पाइनच्या झाडांचा पट्टा. त्यातली नावाजलेली टेकडी म्हणजे ॲपल पाय हिल, तीही जेमतेम दोनशे फूट. दीर म्हणाला, "वहिनी, हे म्हणजे गच्चीवर चढण्यासारखं आहे." त्या भरात त्याने तीन लिटरचा कुकर आणि बिडाचा तवा सॅकमध्ये घातला. कुकर मी पार्किंगमध्येच काढून डिकीत ठेवायला लावला. तवा मात्र त्याने सोडला नाही.

आमचा बेत असा होता. मलिका नदीच्या काठाने ॲट्सायन ते बॅट्स्टो अशी पिवळ्या खुणांची पायवाट जाते, साधारण साडेनऊ-दहा मैलांची. साधारण मध्यावर मलिका रिव्हर कॅम्प आहे. तिथे गाडी जात नाही. चालत, घोड्यावरून किंवा कनू म्हणजे लांबट होडी वल्हवत जायचं. पहिल्या दिवशी निम्मं चालायचं, मुक्काम, दुसऱ्या दिवशी उरलेलं. एकाच दिशेने चालायचं असल्याने एक गाडी सुरुवातीच्या टोकाला आणि एक शेवटच्या टोकाला लागते, आणि आमचा पहिला घोटाळा तिथेच झाला.

बॅट्स्टोला एक गाडी ठेवून दुसऱ्या गाडीने ॲट्सायनला यायचं होतं. फोनने जवळचा रस्ता दाखवला, क्वेकर ब्रिज रोड. नावात रोड आहे म्हणून आम्ही शिरलो. पहिला अर्धा मैल बरा होता. मग पांढरी शुभ्र, पिठीसाखरेसारखी बारीक वाळू लागली. इथे तिला शुगर सँडच म्हणतात. आमची साधी सेडान त्यात पोटापर्यंत बसली. नवऱ्याने ॲक्सिलरेटर दाबला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आणखी चार बोटं खाली गेली. शेवटी चारही टायरांमधली हवा निम्म्यापर्यंत सोडली, पायाखालच्या मॅट काढून चाकांपुढे टाकल्या आणि तरीही हललो नाही. पाऊण तासाने मागून आलेल्या एका पिकअपवाल्याने दोर लावून ओढून काढलं. त्याने काही विचारलं नाही, हसलाही नाही, म्हणजे हे त्याचं नेहमीचंच असावं. तेव्हा डांबरी रस्ता सोडू नका. बॅट्स्टोहून ५४२ नंबरच्या रस्त्याने हॅमंटन, तिथून २०६ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला ॲट्सायन. थोडा वेळ जास्त लागेल, पण पोचाल. टायरमध्ये परत हवा भरायला लहान पंप गाडीत होता म्हणून आमचं निभावलं.

जंगलाचं ॲट्सायनचं ऑफिस २०६ वरच आहे. जागेचं आरक्षण आधी ऑनलाइन करायचं आणि इथे येऊन नोंद करायची. गाडी रात्रभर कुठे राहणार आहे तेही सांगून ठेवा. स्टेट पार्कमध्ये दारू चालत नाही, ते आधीच माहीत असलेलं बरं. इथेच आम्हाला आगीची पाटी दिसली: जमिनीवर शेकोटी बंद, कोळसाही बंद, फक्त जमिनीपासून उंचावर ठेवलेला गॅसचा स्टोव्ह. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत इथे वणव्यांचा मोसम असतो. झाडांना पुरती पालवी फुटलेली नसते, जमीन कोरडी आणि वारा भरपूर. आणि माझ्या सॅकमध्ये भरतासाठी दोन मोठी वांगी होती.

ही पाटी कटकट वाटू नये म्हणून सांगते. जून २०२२ मध्ये याच नदीच्या परिसरात वणवा लागला आणि तेरा हजार एकरांहून जास्त जंगल जळालं. पायवाटेच्या बऱ्याच भागात बुंधे अजून कोळशासारखे काळे आहेत. हात लावला तर बोटं काळी होतात. पण त्याच काळ्या खोडातून, फांदीतून नव्हे, थेट सालीतून हिरव्या सुयांचे झुबके फुटलेले दिसतात. हे पिच पाइन. यांची काही बोंडं तर राळेने चिकटून बंद असतात आणि आगीची धग लागल्यावरच उघडून बी सांडतात. पुतणीने एक बंद बोंड उचलून बराच वेळ हातात फिरवलं आणि जागेवर ठेवून दिलं. "काकू, हे वाट बघतंय," म्हणाली.

आता चालण्याबद्दल. जिथे पायवाट पाइनच्या सुयांवरून जाते तिथे गादीवर चालल्यासारखं वाटतं. जिथे ती जुन्या वाळूच्या रस्त्याला मिळते तिथे एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. सह्याद्रीत चढ लागतो, दम लागतो, मग माथा येतो, वारा येतो, पाणी प्यायचं, बाकीच्यांना शिव्या द्यायच्या. इथे माथाच नाही. पुढचं वळण मागच्यासारखंच. पोटऱ्या आणि घोट्यांची बाहेरची बाजू बोलायला लागते. पाच मैलांना आम्हाला सव्वातीन तास लागले आणि दिराने वाटेत दोनदा तवा शिव्या घालत या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. घोट्याच्या वर येणारे बूट आणि वाळू अडवायला गेटर, म्हणजे बुटांच्या तोंडावर चढवायची कापडी आवरणं, असते तर बरं झालं असतं. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नव्हती. कागदी नकाशा घ्या.

कॅम्प म्हणजे नदीकाठची मोकळी जागा, खड्ड्याचा संडास आणि एक हातपंप. वीज नाही, नळ नाही, कचऱ्याचा डबा नाही. जे नेलं ते परत आणायचं. आम्ही गेलो तेव्हा पंप चालू होता, पण त्याच्या भरवशावर निघू नका, ऑफिसात विचारून घ्या. नदी आहे, पण तिचं पाणी पाहून घाबरायला होतं. रंग कोऱ्या चहाचा. सीडारच्या दलदलीतलं टॅनिन आणि जमिनीतलं लोह यांनी तो येतो. पाणी घाण नाही, पण गाळून किंवा उकळूनच प्यायचं. फिल्टरने जंतू जातात, रंग जात नाही. दिराने आधण ठेवलं आणि नवऱ्याने पातेल्यात डोकावून विचारलं, "पावडर टाकलीस का?" टाकायची होती.

तंबू ठोकताना दुसरा धडा मिळाला. नेहमीच्या बारीक खुंट्या वाळूत सुईसारख्या जातात आणि सुईसारख्याच बाहेर येतात. रुंद पात्याच्या, लांब खुंट्या घ्या. आम्ही शेवटी पिशव्यांमध्ये वाळू भरून दोऱ्या त्यांना बांधल्या आणि पिशव्या पुरल्या. दगड ठेवू म्हटलं तर दगडच नाही. खरंच नाही! अर्धा तास शोधून मला मुठीएवढा एक सापडला. चुलीला तीन दगड मिळणार नाहीत असं जंगल मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि वांगी. छोट्या गॅसच्या शेगडीवर, ती उलट्या ठेवलेल्या बिडाच्या तव्यावर आणि तवा एका पडलेल्या ओंडक्याच्या सपाट कापावर, असा मनोरा करून एकेक वांगं चिमट्याने फिरवत भाजलं. एका वांग्याला पंचवीस मिनिटं. गॅसचा एक डबा त्यातच संपत आला. धुराचा वास नाही, त्यामुळे भरीत कसलं, वांग्याचा लगदा. कच्चा कांदा आणि तेल-तिखट घालून भाकरीशी खाल्ला. भाकरी घरून आणल्या होत्या आणि त्याच शहाणपणाच्या होत्या. तुम्ही दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गरम पाणी घातलं की होणारे पोहे-उपमा एवढंच न्या. उरलेलं अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, रकून तंबूच्या दारापर्यंत येतात.

काळोख पडल्यावर एक पक्षी सुरू झाला. तीन सुरांचा, तेच ते, न थांबता. व्हिप-पूर-विल. आपल्या रातव्याचाच भाऊबंद. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही भारावलो, तासाभराने दीर तंबूतून ओरडला, "अरे बाबा, झालं, ऐकलं!" कानात घालायचे बोळे न्या, मी गंमत करत नाही.

थंडीही आम्ही चुकवली होती. दिवसा २३-२४ सेल्सिअस होतं, म्हणून पातळ स्लीपिंग बॅग आणल्या. ही वाळू दिवसाची ऊब धरून ठेवत नाही. आकाश निरभ्र असलं की रात्री इथलं तापमान आजूबाजूच्या शहरांपेक्षा बरंच खाली जातं. पहाटे साडेचारला पुतणीच्या छोट्या थर्मामीटरवर ४ होतं. चौघांनी चौघांचे सगळे कपडे घातले होते. शहराचा अंदाज बघून जाऊ नका, आणि अंगाखालची चटई जाड घ्या.

सकाळी बॅट्स्टोपर्यंतचं चालणं तुलनेने सोपं गेलं, किंवा आम्ही बोलायचे थांबलो होतो म्हणून तसं वाटलं. बॅट्स्टो गाव बघायला दोन तास तरी राखून ठेवा. १७६६ मध्ये चार्ल्स रीडने इथे लोखंडाची भट्टी घातली. खाण नव्हती. हेच चहाच्या रंगाचं आम्लयुक्त पाणी जमिनीतलं लोह विरघळवून आणतं आणि ते नदीकाठच्या दलदलीत गाळासारखं साचतं. तोच गाळ खणून, आसपासची झाडं जाळून केलेल्या कोळशावर लोखंड गाळायचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इथून लष्कराला माल गेला. पुढे धंदा बुडाला आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियाचा उद्योगपती जोसेफ व्हॉर्टन याने गाव विकत घेतलं. मग आजूबाजूची जमीनही तो घेत गेला. त्याचा डोळा पाण्यावर होता: हे पाणी फिलाडेल्फियाला न्यायचं आणि विकायचं. न्यू जर्सीने राज्याबाहेर पाणी न्यायला कायद्याने मनाई केली आणि त्याच्या हातात ही अफाट जमीन राहिली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ती राज्याने विकत घेतली. फसलेल्या पाणीयोजनेमुळे आमची एक रात्र झाली म्हणायची.

शेवटी गोचीड, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि मी ते मुद्दाम मागे ठेवलं नव्हतं, राहूनच गेलं. मे-जूनमध्ये त्यांचा सुळसुळाट असतो. लाइम हा आजार त्यांच्यामुळे होतो. फिके कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, कपड्यांना आणि बुटांना आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा. झुडपांना घासत चालू नका. टोकदार चिमटा जवळ ठेवा. चावलेली गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-काडेपेटी असले उपाय करायचे नाहीत. दर मुक्कामाला काखा, गुडघ्यामागची बाजू, केसांची मुळं, कंबरेचा पट्टा तपासा. आम्ही वाटेत तपासलं, बॅट्स्टोला तपासलं, घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये टाकून मग धुतले. तरी सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना एक माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर शांतपणे चालत होती.