उडीआधीचा विचार

मांजराचं म्हातारपण तोंडावर दिसत नाही, उडीत दिसतं. एरवी ओट्यावर आणि तिथून थेट फ्रिजवर जाणारी मनी एक दिवस ओट्याखाली थबकते, वर बघते, मागचे पाय दोनदा जुळवते आणि मुकाट स्टुलाकडे वळते. आपण म्हणतो, शहाणी झाली. बहुधा तिचे सांधे झिजलेले असतात.

१२-१३ वर्षांच्या मांजरात संधिवात सर्रास असतो. तरी ते कुत्र्यासारखं लंगडत नाही, कारण अनेकदा दोन्ही बाजू सारख्याच दुखतात; लंगडायचं तरी कोणत्या पायावर? मग कमरेवरचे केस चाटायचे राहतात आणि गुंततात. वाढलेली नखं फरशीवर टकटक वाजतात. ट्रेबाहेर शू झाली की आपण चिडतो, पण तिला ट्रेची कड ओलांडवत नसते. एका बाजूने ही कड ५-६ सेंटिमीटर उंचीपर्यंत कापावी आणि गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी टाकावी.

पण सगळंच वयाच्या खात्यावर मांडू नये. मांजर चवड्यांवर चालतं. उलटा गुडघा वाटतो तो सांधा म्हणजे त्याची टाच, आणि ती हवेत असते. ती माणसासारखी जमिनीला टेकू लागली, तर आधी मधुमेहाची शंका घ्यावी. साखर फार दिवस चढलेली राहिली की मागच्या पायांच्या नसा बिघडतात. पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं, खाऊनही वजन उतरतं. इन्सुलिनने साखर वेळेत आटोक्यात आली, तर काही आठवड्यांत-महिन्यांत टाच पुन्हा उचलली जाऊ शकते. तहान मूत्रपिंडाच्या आजारातही वाढते. तिथे लघवीवाटे पोटॅशियम निघून जातं, पाय लटपटतात आणि मान खाली झुकते. म्हणून रक्तातली साखर, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि थायरॉइडचं संप्रेरक टी-४ एकाच वेळी तपासून घ्यावं. दवाखान्याच्या धास्तीनेही मांजराची साखर चढते. शंका असेल तर फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करावी, ती मागच्या दोनेक आठवड्यांच्या साखरेचा हिशेब सांगते.

मागचे पाय अचानक लुळे पडले, मांजर ओरडतंय, धापा टाकतंय, पंजे गार आणि तळवे निळसर, तर मात्र तपासण्यांची यादी करत बसू नये. हृदयात झालेली रक्ताची गुठळी महाधमनी दुभंगते तिथे अडकलेली असू शकते. शेक नको, मालिश नको, तडक डॉक्टर गाठावा.

आणि घरातली पॅरासिटामॉल कधीच नको. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते.

एरवीच्या भेटीला जाताना मोबाइलवर व्हिडिओ न्यावा: अर्धा मिनिट मागून, अर्धा बाजूने, आणि जमला तर उडीचा. तपासणीच्या टेबलावर मनी पोट टेकवून बसते. डॉक्टरांनी कितीही चुचकारलं, तरी एक पाऊल टाकून दाखवत नाही.