पाचवं शील आणि अकरावी पायरी

आमच्या वाडीत पंचशील पाठ नाही असा माणूस सापडायचा नाही. पण रविवारी विहारात वंदना चालू असताना कान देऊन ऐकलंत, तर 'सुरामेरय-मज्ज-पमादट्ठाना'पाशी, म्हणजे दारू न पिण्याच्या पाचव्या शीलापाशी, मागच्या दोन रांगांचा आवाज जरा खाली बसतो. त्या रांगांमध्ये मीही बरीच वर्षं बसलोय. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी तर पालीतही नाही, सरळ मराठीत आहे: मी दारू पिणार नाही. ती पाठ असून दारू सुटत नाही, हे मागच्या रांगेला चांगलं माहीत असतं.

मी हर्णै बंदरात ट्रॉलरची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, इंजिनं खोललेली, तोच आमचा सीझन. बाहेर पाऊस, खिशात रोकड, तांडेलापासून खलाशापर्यंत सगळे रिकामे. पुढचं सांगायला नको. व्यसनमुक्ती केंद्रात कसा पोचलो ती कहाणी सगळ्यांची सारखीच असते, म्हणून ती सोडतो.

केंद्रातून सुटलो आणि ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला लागलो. तालुक्याच्या गावी, एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता. पहिली पायरी मला लगेच पटली: दारूपुढे आपलं काही चालत नाही. तिसरीला अडलो. आपली इच्छा आणि आपलं जीवन ईश्वराच्या हवाली करा म्हणे. आमच्या घरात १९५६ नंतर देव्हारा राहिलेला नाही. बावीसमधल्या पहिल्याच प्रतिज्ञेने ब्रह्मा-विष्णू-महेश बाहेर काढलेत. आजोबांनी जे सोडलं ते मी दारू सोडण्यासाठी परत घरात आणायचं? पुढे कळलं की 'आम्हाला समजलेल्या ईश्वराच्या' ही शब्दयोजना मुद्दाम केलेली आहे. १९३९ साली अमेरिकेत या पायऱ्या पुस्तकात छापल्या, तेव्हा सुरुवातीच्या मंडळींतले काही देव न मानणारे अडून बसले होते, त्यांच्यासाठी ती तडजोड. म्हणजे माझ्यासारखे हट्टी तिथेही होते. बरं वाटलं.

माझे स्पॉन्सर, म्हणजे या वाटेवर हात धरणारे जुने मेंबर, दाभोळचे एक चाचा. जहाजावर आयुष्य काढलेले, पाच वेळ नमाजी. त्यांच्यापुढे माझी प्रतिज्ञा मांडली. ते म्हणाले, "अरे, संध्याकाळी सहाला तू कोणाचं ऐकून उठायचास? बायकोचं? डॉक्टरचं? बाटलीचं ना? मग तुझ्यापेक्षा मोठं काहीतरी असतं हे तू कधीच मानलंयस. आता फक्त ती जागा दुसऱ्या कोणाला दे." मी ती संघाला दिली. 'संघं सरणं गच्छामि' लहानपणापासून म्हणतच होतो. आता संघ म्हणजे बाकांवरचे ते सात-आठ चेहरे. एक रिक्षावाला, एक निवृत्त गुरुजी, काजूचा एक बागायतदार. भिक्खू एकही नाही.

अकराव्या पायरीत प्रार्थना आणि ध्यान आहे. प्रार्थना माझ्याच्याने होईना, म्हणून ध्यानाला गेलो इगतपुरीला, विपश्यनेच्या शिबिराला. खेडहून दिवा, तिथून कल्याण, मग इगतपुरी. पण एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. रोज पिणाऱ्याने दारू तोडून लगेच दुसऱ्या दिवशी शिबिराला जाऊ नये. पिणं अचानक थांबलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, फिट येऊ शकते, नको ते दिसायला लागतं, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. शिबिराच्या अर्जात व्यसनाबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा.

दहा दिवसांचं शिबिर, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावर जे जाणवतं ते बघणं. नव्या साधकाला रात्रीचं जेवण नाही. संध्याकाळी पाचला चहा, फळं आणि कुरमुरे. पहिल्या दिवशी ते कुरमुरे बघून माझ्या तोंडाला जे पाणी सुटलं ते भुकेचं नव्हतं. चखणा समोर आणि पुढचं काहीच नाही! शेजारचा साधक शांतपणे चावत होता, मला मात्र घाम फुटला होता.

पण माझं शिक्षण त्या कुरमुऱ्यांनीच केलं. तलफ आधी जिभेखाली येते, मग जबड्यात, मग छातीच्या खाली एक गोळा. आजवर मला वाटायचं मला दारू हवी असते. बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, मला तो गोळा नको असतो, इतकंच. बुद्धाने वेदनेतून तृष्णा निर्माण होते असं सांगितलंय. वेदना म्हणजे शरीरावर जे काही जाणवतं ते. ते नुसतं बघितलं, त्याच्या मागे धावलो नाही, तर ते वाढतं, टिकतं आणि उतरतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी व्यसनी लोकांना हेच शिकवलं आणि त्याला लाटेवर स्वार होणं म्हटलं. आमच्याकडे कोणी लाटेवर स्वार होत नाही. लाट आली की होडीचं तोंड तिच्याकडे करतात, कुशीवर घेतली की उलटलात. मला हे जास्त कळतं.

ही विपश्यना भारतात शिकवायला लागलेल्या गोएंका गुरुजींची स्वतःची गोष्टही मला जवळची वाटते. अर्धशिशीसाठी त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची, त्याची सवय लागेल ही धास्ती होती. १९५५ साली ते रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर आजार बरा करायला आला असशील तर नको, असं म्हणून सयाजींनी त्यांना आधी परत पाठवलं.

त्यामुळे 'विपश्यना कर, दारू सुटेल' असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सोडलेली दारू सोडलेलीच ठेवायला ध्यान कामाला येतं. दुसरं म्हणजे, मौनात माझ्यासारख्याला लपायला भरपूर जागा मिळते. दहा दिवसांत किती माणसं डोळ्यांसमोर येऊन गेली, कोणाचा अ‍ॅडव्हान्स घेतला, कोणाचं इंजिन तसंच टाकलं. तिथे लिहायला परवानगी नाही. मनातल्या मनात मैत्रीभावना केली, सगळ्यांचं भलं चिंतलं, आणि मोकळा झालो असं वाटलं. मोकळा कसला! चाचांनी घरी आल्या आल्या शंभर पानी वही हातात दिली. चौथी पायरी: आपलं काय काय चुकलं ते लिही. पाचवी: वाचून दाखव.

वाचायचं कुठे? घरी माणसं, बंदरात सगळे ओळखीचे. चाचा मला दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर घेऊन गेले. गाड्या खाली, आम्ही वर, इंजिनाचा असा खडखडाट की दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जाऊ नये. वाशिष्ठी पार केली, उतरलो नाही, परत आलो, परत गेलो. तिकीटवाला पोरगा बघायला लागला. मी वाचत होतो आणि अर्धं लक्ष इंजिनाकडे: एका सिलिंडरचा इंजेक्टर टपकत होता. चाचांना ते सांगितलं तर म्हणाले, "पान पलट."

आता पहाटे एक तास बसतो आणि संध्याकाळी लिलाव संपल्यावर, जेट्टीवर ओळखीच्या हाका सुरू होतात त्या सुमाराला, अर्धा तास. तो अर्धा तास सकाळच्या तासापेक्षा अवघड आहे आणि जास्त कामाचा आहे. मीटिंग चुकवत नाही. शेवटच्या प्रार्थनेत 'हे ईश्वरा' मी म्हणत नाही, तिथून पुढचं सगळ्यांबरोबर म्हणतो. आजवर कोणी हरकत घेतली नाही.

हरकत आली ती आमच्या विहारातून. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत पिणं सगळ्यात जास्त असतं, म्हणून तेवढे दिवस मीटिंग विहाराच्या पडवीत घेऊ, असं मी सुचवलं. समितीतले एक काका म्हणाले, बाबासाहेबांच्या फोटोसमोर ईश्वराची प्रार्थना चालणार नाही. मुद्दा चुकीचा नाही. त्यावर दुसरे एक, जे स्वतः मागच्या रांगेतले आहेत, म्हणाले की पडवीतून फोटो दिसतच नाही. दोन बैठका यावरच गेल्या. शेवटी ठरलं ते असं: सुरुवात त्रिसरण-पंचशीलाने, शेवटी दहा मिनिटं आनापान, म्हणजे श्वास बघणं, मधे जे बोलायचं ते बोला, आणि प्रार्थना ज्याला हवी त्याने घरी जाऊन करावी. चाचांना विचारलं, तुम्हाला पंचशील चालेल का. म्हणाले, पाचवं तर मी रोज पाळतोय, उरलेली चार वाचून सांगतो.


१ जूनला पहिली मीटिंग आहे, संध्याकाळी साडेसहाला. कुरमुरे ठेवायचे नाहीत, एवढं मी समितीला सांगून ठेवलंय.