आईच्या आंघोळीचे पाणी

शनिवार, १२ जुलै २०२५

आज सकाळी पाठीवरून हात फिरवला तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदाच आईने अंग चोरले नाही. कमरेवरचा लाल चट्टा फिकट तपकिरी झाला आहे. काखेतली कातडी मात्र अजून कांद्याच्या सालीसारखी सुटते आहे.

हे माझ्याच हातून झाले, म्हणून लिहून ठेवते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईला कसलाही संसर्ग होऊ नये म्हणून मी तिच्या आंघोळीच्या बादलीत रोज जंतुनाशक द्रव घालू लागले. ओतताच पाणी दुधासारखे पांढरे होई, न्हाणीघरभर दवाखान्याचा वास पसरे, आणि त्या वासाने मला निर्धास्त वाटे. बाटलीवर छापलेले माप मी एकदाही वाचले नाही. झाकणभर ओतायचे, आणि घामोळ्या दिसल्या की आणखी एक झाकण. साबणही जंतुनाशकच होता. पुरळ उठले तेव्हा जंतूच वाढले असे समजून मी तोच द्रव, पाणी न मिसळता, कापसाने काखेत लावला. रात्री आई म्हणाली, "अगं, निखारा ठेवल्यासारखं होतंय."

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी आधी पाठ पाहिली नाही. आंघोळीच्या पाण्यात काय घालता, एवढेच विचारले. हा इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे जहाल पदार्थ लागून झालेला त्वचेचा दाह आहे, अ‍ॅलर्जी नव्हे, असे त्या म्हणाल्या. अ‍ॅलर्जी ज्याला असते त्याला थेंबभरानेही होते, आणि ती ओळखण्यासाठी पाठीवर ४८ तास पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. ही आग मात्र माप पुरेसे चढले की कोणाच्याही कातडीची होऊ शकते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशी स्निग्ध पदार्थांनी एकमेकींना सांधलेल्या असतात, आणि म्हातारपणी हे स्निग्धांश मुळातच कमी होतात. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, वडीचा साबण बहुधा अल्कधर्मी, आणि वरून त्या द्रवातले क्लोरोझायलेनॉल हे जंतुनाशक रसायन, पाइनचे तेल व अल्कोहोल यांचे मिश्रण. काखेसारख्या बंद जागी ते उडून न जाता मुरत राहते. मी रोज आईचे कवचच धुऊन काढत होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून वगळायला लावले होते, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. क्लोरोझायलेनॉल त्यांत नव्हते, त्याचा निर्णय पुढे ढकलला गेला; पण साधा साबण पुरतो, ही गोष्ट मला आईच्या वेदनेवाचून कळायला हवी होती.

आता कोमट पाणी, सौम्य साबण फक्त जांघ आणि पाय यांना, काखेला केवळ पाणी, पंच्याने न घासता टिपणे, आणि अंग ओलसर असतानाच मलम. काखेसाठी दिलेले स्टेरॉइडचे मलम सांगितलेल्या दिवसांपुरतेच लावायचे आहे.

आंघोळ झाल्यावर आईने विचारले, "आज वास कसा नाही आला?" मी म्हटले, पाण्यात काही घातले नाही. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटून शांत बसली. सोमवारी काख पुन्हा दाखवायला न्यायचे आहे.